मुगाच्या बियाण्याची परीक्षा : एक प्रात्यक्षिक पाठ

पेणकरपाडा हे पूर्वीचे खेडे आज मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. तेथील मुलास मुगाची उसळ परिचित असते, मुगाचे शेत नसते. उलट मुरबाड-शहापूरकडील मुलास शेत परिचित असते. परंतु घरातील बी पेरण्याजोगे आहे की नाही, हे बहुधा पेरणीनंतरच कळते. पुढील पाठ दोघांच्याही उपयोगाचा आहे.

भातकापणीनंतर खाचरात उरलेल्या ओलीवर मूग घेतात. ही ओल थोड्या दिवसांची असते. बी उगवले नाही तर दुबार पेरणीस ओल उरत नाही व हंगाम हातचा जातो. म्हणून बियाण्याची परीक्षा शेतात नव्हे, आधी वर्गात व्हावी.

कृती : मुलांनी घरून मूठभर बी आणावे. टपोरे दाणे निवडू नयेत. हाताला येतील ते १०० दाणे मोजावेत. ते ओल्या फडक्यावर ओळीने मांडून गुंडाळी करावी व फडके ओलसर ठेवावे. सातव्या दिवशी निरोगी मोड मोजावेत. प्रमाणित बियाण्यात शंभरांपैकी किमान ७५ दाणे उगवावे लागतात.

गणित : हेक्टरी १५ किलो बी पेरले व उगवण शेकडा ६० निघाली, तर उपयोगी पडले ते किती? उत्तर ९ किलो. उरलेले ६ किलो कोठे गेले, हे मुलांनाच विचारावे.

पुढील निरीक्षण : पेरणीपूर्वी १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम जिवाणू सावलीत चोळावे, उन्हाने जिवाणू मरतात. दोन ओळींत ३० व दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर ठेवावे. महिन्याने एक रोप मातीसह खणून मुळे धुवावीत. गाठ कापल्यावर आत गुलाबी रंग दिसला, तर हवेतील नत्र धरण्याचे काम चालू आहे असे समजावे. पाने पिवळी-हिरवी ठिपकेदार झालेले रोप उपटून टाकावे; पांढरी माशी तो रोग पसरविते. शहरातील शाळेने हेच कुंडीत करावे.

एक सूचना : ज्याचे बी कमी उगवले, त्या मुलाचे नाव वर्गात घेऊ नये. निकाल मात्र वहीत न ठेवता पेरणीपूर्वी त्याच्या घरी पोहोचवावा. पाठाचे खरे फळ तेच.