विरजण आणि कोंबडीचे पिलू
(सामान्य विज्ञान व आरोग्यशिक्षण : इयत्ता पाचवी ते सातवीसाठी पाठ)

पाठाचे प्रयोजन

आरोग्याच्या पाठात 'जंतू' हा शब्द निघाला की मुलांच्या मनात भीतीचे एकच चित्र उभे राहते. जंतू म्हणजे रोग आणि रोग टाळणे म्हणजे जंतू मारणे, एवढ्यावर बहुधा पाठ आटोपतो. हे ज्ञान खोटे नाही, पण अपुरे आहे. ज्या घरात रोज रात्री दुधाला विरजण लावले जाते, त्या घरातील मूल जंतूंची मुद्दाम जोपासना करणाऱ्या कुटुंबातच वाढत असते. त्याला ते ठाऊक नसते, इतकेच.

उपद्रवी जंतूंना आवर घालण्याचे मुख्य मार्ग दोन. त्यांना उष्णतेने अथवा औषधाने मारणे, हा एक. आणि त्यांना वस्तीसाठी जागाच शिल्लक न ठेवणे, हा दुसरा. दुसऱ्या मार्गाचे महत्त्व कोंबडीच्या पिलांवरील संशोधनातून स्पष्ट झाले. ते संशोधन मुलांना समजावून देणे आणि त्याच्या आधारे शाळेतील व घरातील अन्न निर्धोक ठेवण्याच्या सवयी लावणे, हे या पाठाचे प्रयोजन होय. ज्या शाळेत मुलांसाठी रोज अन्न शिजते, तेथील शिक्षकांना तर या विषयाचे ज्ञान केवळ अध्यापनापुरते नव्हे, कर्तव्य म्हणूनही आवश्यक आहे.

साल्मोनेला जंतूची ओळख

अन्नातून होणाऱ्या विकारांत साल्मोनेला नावाच्या जंतूचा वाटा मोठा आहे. हे नाव अमेरिकेतील पशुवैद्यक डॅनियल एल्मर साल्मन यांच्यावरून पडले. त्यांचे सहकारी थिओबाल्ड स्मिथ यांनी १८८५ च्या सुमारास डुकरांच्या रोगाचा अभ्यास करीत असताना हा जंतू वेगळा केला. या कुळात अनेक जाती आहेत. विषमज्वराचा जंतू याच कुळातील. पण त्याची वस्ती माणसातच असते. कोंबड्या, डुकरे व गुरे यांच्या आतड्यांत राहणाऱ्या इतर जातींमुळे माणसास ताप, पोटात कळा आणि जुलाब होतात. दूषित अन्न खाल्ल्यानंतर ही लक्षणे साधारणपणे सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत केव्हाही दिसू लागतात. धडधाकट माणूस बहुधा आठवड्याभरात बरा होतो. परंतु लहान मूल, वृद्ध व अशक्त माणूस यांच्या शरीरातील पाणी कमी होऊन प्राणावर बेतू शकते.

या जंतूचा सर्वांत फसवा गुण असा की, त्याने ग्रासलेली कोंबडी पुष्कळदा निरोगी दिसते, आणि तो ज्या अन्नात शिरला त्या अन्नाची चव, रंग वा वास बदलत नाही.

तो किती अनर्थ करू शकतो हे स्वीडनमध्ये १९५३ साली दिसून आले. दक्षिण स्वीडनमधील अल्वेस्ता येथील एका कत्तलखान्यातून दूषित मांस निरनिराळ्या गावी गेले. सुमारे नऊ हजार माणसे आजारी पडली आणि नव्वदच्या आसपास दगावली. स्वच्छतेविषयी जागरूक समजल्या जाणाऱ्या देशात हे घडले. पुढे स्वीडनने जनावरांचे खाद्य, त्यांची निवाऱ्याची जागा आणि कत्तलखाने या तिन्ही ठिकाणी कसून तपासणी करण्याची पद्धत बसविली. रोग ताटात आल्यावर नव्हे, तर जनावरापाशीच अडविला पाहिजे, हा त्यातील बोध होता.

फिनलंडमधील प्रयोग

स्वीडनच्या शेजारच्या फिनलंड देशात १९७१ साली मांसासाठी पाळलेल्या कोंबड्यांत साल्मोनेलाचा मोठा प्रादुर्भाव झाला. तेथील पशुवैद्यक संशोधक एस्को नुर्मी यांनी या प्रश्नाचा विचार निराळ्या दिशेने केला. त्यांच्यासमोर एक कोडे होते. मोठ्या कोंबडीला या जंतूची बाधा सहजासहजी होत नाही. पण नुकत्याच अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलास अगदी थोडे जंतूही पुरतात. असे का व्हावे?

खेड्यातील मुलांना हे उत्तर चटकन समजेल. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली की एकवीस दिवसांनी पिले बाहेर येतात. त्या क्षणापासून ती आईच्या पंखांखाली वावरतात, ती उकरते तेथे चोच मारतात, तिची विष्ठा पडलेल्या जागेतील दाणे टिपतात. त्यामुळे आईच्या आतड्यातील निरुपद्रवी जंतू एक-दोन दिवसांत पिलांच्या आतड्यात वस्ती करतात. उबवणी केंद्रातील पिलाचे तसे नसते. ते यंत्रात जन्मते. त्याची आईशी गाठच पडत नाही. ज्या स्वच्छतेचे आपण कौतुक करतो, तिच्यामुळेच त्याचे आतडे बराच काळ ओस राहते. अशा मोकळ्या घरात जो प्रथम शिरेल तो मालक होतो. साल्मोनेला प्रथम शिरला, तर त्याला हटकणारे कोणीच नसते.

नुर्मी व त्यांचे सहकारी रान्ताला यांनी निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील अंश घेऊन, तो पातळ करून, नुकत्याच जन्मलेल्या पिलांना पाजला. दुसऱ्या गटातील पिलांना तो दिला नाही. त्यानंतर दोन्ही गटांना साल्मोनेला जंतू देण्यात आले. ज्या पिलांच्या आतड्यात चांगल्या जंतूंची वस्ती आधी झाली होती, त्यांतील बहुतेक पिले बाधेपासून वाचली. दुसऱ्या गटात बाधा पसरली. हा निष्कर्ष त्यांनी १९७३ साली 'नेचर' या विज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. या तत्त्वास 'स्पर्धात्मक अटकाव' असे म्हणता येईल. संशोधकांत ते नुर्मी यांच्याच नावाने ओळखले जाते.

हा अटकाव तीन प्रकारे होतो. चांगले जंतू आतड्याच्या अस्तरावरील जागा व्यापून टाकतात. आतड्यातील पोषक द्रव्ये स्वतः वापरतात. आणि साल्मोनेलाला न मानवणारी आम्ले निर्माण करतात. आपल्या विरजणाचे कार्य याच्याशी मिळतेजुळते आहे. कोमट दुधात विरजणातील जंतू प्रथम व मोठ्या संख्येने शिरतात, आम्ल निर्माण करतात आणि दूध नासविणाऱ्या जंतूंना मागे सारतात.

मात्र हे साम्य फार ताणू नये. केवळ दह्यातील जंतू देऊन पिलांचे असे रक्षण होत नाही. त्यासाठी आतड्यातील अनेक जातींचा एकत्र समूह लागतो. शिवाय एका कोंबडीच्या आतड्यातील अंश दुसऱ्या पिलास जसाच्या तसा देण्यात, एखादा रोगही त्याबरोबर जाण्याचा धोका असतो. म्हणून पुढे प्रयोगशाळेत तपासून वाढविलेले जंतुसमूह वापरात आले. अमेरिकेत टेक्सास राज्यातील सरकारी संशोधकांनी निवडलेल्या २९ जंतूंच्या मिश्रणास १९९८ साली मान्यता मिळाली. ते पिलांच्या अंगावर फवारले जाई आणि पिले चोचीने पिसे साफ करताना ते पोटात घेत.

औषधाचा अतिरेक

येथे मुले साहजिकच विचारतील की, एवढा खटाटोप कशासाठी? सर्व कोंबड्यांना रोज औषध का देऊ नये? या प्रश्नाचे उत्तर नीट द्यावे. प्रतिजैविक औषध आतड्यात गेले म्हणजे ते शत्रूबरोबर मित्रांनाही मारते आणि व्यापलेल्या जागा पुन्हा ओस पडतात. दुसरे असे की, लहान मात्रा दीर्घकाळ दिल्यास त्या औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे शिल्लक राहतात व वाढतात. असे जंतू अन्नावाटे माणसात आले तर माणसाच्या आजारातही ते औषध निरुपयोगी ठरते.

जनावरांची वाढ लवकर व्हावी म्हणून त्यांच्या खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची प्रथा अनेक देशांत पडली होती. ब्रिटनमध्ये १९६९ साली स्वान समितीने या धोक्याकडे लक्ष वेधले. स्वीडनने १९८६ साली वाढीसाठी अशी औषधे देण्यास बंदी केली, आणि २००६ च्या आरंभापासून सर्व युरोपीय संघात ती लागू झाली. भारत सरकारनेही २०१९ साली कोलिस्टिन या औषधाचा अन्नासाठी पाळलेल्या जनावरांतील वापर बंद केला. कारण इतर औषधे हरली असता माणसासाठी राखून ठेवलेल्या शेवटच्या औषधांपैकी ते एक आहे. ज्यांच्या घरी कुक्कुटपालन आहे अशा मुलांच्या पालकांपर्यंत एवढी गोष्ट अवश्य पोहोचावी : पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून पक्ष्यांना प्रतिजैविक देऊ नये.

एका उपायाने काम भागत नाही

चांगल्या जंतूंची वस्ती हा प्रतिबंध आहे, उपचार नव्हे. साल्मोनेलाने आधीच ठाण मांडले असेल तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून त्याच्या जोडीस शुद्ध खाद्य, स्वच्छ पाणी, उंदीर-घुशींचा बंदोबस्त आणि लसीकरण यांची गरज असते. ब्रिटनमध्ये १९८८ साली अंड्यांतील साल्मोनेलावरून मोठी खळबळ माजली होती. १९९८ पासून तेथे एका प्रमाणचिन्हाच्या योजनेखाली अंडी देणाऱ्या कोंबड्यांना लस देण्यात येऊ लागली. २०१७ साली तेथील अन्नसुरक्षा खात्याने, त्या चिन्हाची अंडी लहान मुलांना अर्धवट शिजलेली दिली तरी चालतील, असे जाहीर केले. हा सल्ला केवळ त्या अंड्यांपुरता आहे. ज्या अंड्यांची अशी खात्री नाही ती पूर्ण शिजवूनच खावीत.

शाळेचे स्वयंपाकघर

शाळेतील अन्न मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने व इतर प्रौढांनी चाखून पाहावे असा दंडक आहे. तो योग्यच आहे. नासलेले, करपलेले वा भेसळीचे अन्न त्यामुळे कळते. परंतु साल्मोनेला जिभेला कळत नाही, आणि चाखणाऱ्यास बाधा झालीच तरी ती काही तासांनी उमगते. तोवर मुलांचे जेवण होऊन गेलेले असते. तेव्हा चाखणे हा पहारा पुरेसा न मानता पुढील नियम कसोशीने पाळावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली प्रसृत केलेल्या पाच सूत्रांचा आशयही हाच आहे.

१. स्वयंपाकापूर्वी, शौचाहून आल्यावर आणि कच्चे अंडे वा मांस हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

२. कच्चे अंडे व मांस शिजलेल्या अन्नापासून दूर ठेवावे. त्यांची भांडी व विळी-सुरी वेगळी असावी.

३. अन्न आतपर्यंत शिजवावे. आतील उष्णता ७० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचली की हा जंतू मरतो. अंड्याचा पांढरा व पिवळा दोन्ही भाग घट्ट झाले पाहिजेत.

४. शिजलेले अन्न गरम असतानाच वाढावे. पाच ते साठ अंश या उष्णतेत फार वेळ ठेवू नये. भाताच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. कारण तांदळातील एका निराळ्या जंतूची बीजे उकळूनही जिवंत राहतात आणि भात कोमट राहिला की वाढू लागतात.

५. पाणी शुद्ध आणि शिधा ताजा व चांगला असावा.

मुलास जुलाब झाल्यास त्याला जलसंजीवनी द्यावी आणि ताप, रक्त पडणे वा ग्लानी दिसताच विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

वर्गातील मांडणी

*प्रयोग.* दूध उकळून कोमट करावे व दोन स्वच्छ वाट्यांत घ्यावे. पहिल्या वाटीत चमचाभर ताजे विरजण घालावे, दुसरीत काही घालू नये. दोन्ही वाट्या अर्धा तास उघड्या ठेवून मग झाकाव्यात. तीन दिवस रोज एका ठरावीक वेळी घट्टपणा, रंग व वास यांची नोंद मुलांनी वहीत करावी. पहिल्या वाटीत दही लागून ते आंबट होत जाईल. दुसऱ्या वाटीतील दूध नासून त्यास घाण वास येईल. कोणत्याही वाटीतील पदार्थ चाखू देऊ नये. शेवटी तो खड्ड्यात पुरून सर्वांनी हात धुवावेत.

*खेळ.* मैदानावर खडूने किंवा फक्कीने दहा वर्तुळे काढावीत. हे पिलाचे आतडे. प्रथम वर्तुळे रिकामी ठेवून पाच मुलांनी साल्मोनेला म्हणून आत शिरावे व प्रत्येकाने एकेक साथीदार बोलवावा. सर्व जागा भरतील. दुसऱ्या खेपेस दहा मुलांनी चांगले जंतू म्हणून आधीच जागा धराव्यात. नंतर आलेल्या पाचांना फिरून परत जावे लागेल. तिसऱ्या खेपेस शिक्षकाने 'औषध' होऊन बसलेल्यांपैकी सात जणांना बाहेर काढावे आणि पाहुण्यांना पुन्हा सोडावे. काय झाले ते मुलांनीच सांगावे. औषधाविषयीचा भाग या तिसऱ्या खेपेनंतर शिकविल्यास तो विनासायास समजतो.

*गणिताशी समवाय.* अनुकूल उष्णतेत एका जंतूचे वीस मिनिटांत दोन होतात असे धरावे. तासाला आठ, दोन तासांत चौसष्ट, चार तासांत ४,०९६ आणि सहा तासांत २,६२,१४४ जंतू होतात. हे कोष्टक मुलांनी स्वतः पुरे करावे. सकाळी शिजवून संध्याकाळपर्यंत उघड्यावर ठेवलेल्या अन्नाविषयी वेगळा उपदेश करण्याची मग गरज उरत नाही.

स्वाध्याय

१. खुडूक कोंबडीखाली जन्मलेले पिलू आणि यंत्रात जन्मलेले पिलू यांत, आतड्यातील जंतूंच्या दृष्टीने, कोणता फरक असतो?

२. नुर्मी यांनी पिलांच्या एका गटास काहीच न देता का ठेवले? दुधाच्या प्रयोगात दुसऱ्या वाटीचे काम कोणते?

३. अन्न चाखून चांगले लागले, तरी ते निर्धोक आहे असे का म्हणता येत नाही?

४. घरी विरजण कोणत्या वेळी, किती कोमट दुधात लावतात आणि हिवाळ्यात दही लागण्यास वेळ का लागतो, हे आईला किंवा आजीला विचारून लिहून आणा.

५. तुमच्या घरी शिळे अन्न कसे ठेवतात व पुन्हा कसे गरम करतात ते पाहा. वरील पाच नियमांपैकी कोणते पाळले जातात व कोणते राहून जातात, याची यादी करा.