डास पळवणारी झाडं : परड्यातले अनुभवाचे बोल

आष्ट्यात डासांना तोटा नाही. गावाच्या चारी अंगांनी उसाची शेतं, पाणी धरून ठेवणारी काळी जमीन, आणि घरोघरी पाण्यानं भरलेली बॅरल. भावईचा सण झाला, पावसाची झड लागली की संध्याकाळी ओसरीवर टेकणं मुश्कील होतं. मग गल्लीतल्या बायका विचारायला येतात, ‘काकी, डास पळवणारं काय लावू?’ परड्यात बरीच वर्षं हात मातीत घातल्यावर जे कळलं, ते त्यांना सांगते तसंच इथं लिहिते.

१. झाड नुसतं उभं राहून डास पळवत नाही.

डासाला नकोसा वाटतो तो पानातल्या तेलाचा वास. हे तेल पानाच्या आत बंद असतं. पान चुरगळलं, कापलं, तापलं तरच ते हवेत येतं. म्हणून गवती चहाचं ठोंब दाराशी असलं तरी त्याच्या शेजारी बसून डास चावून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. दिवेलागणीला चार पाती तोडायची, दोन्ही तळहातांत रगडायची आणि पोटऱ्या, कोपरं, मान यांवरून हात फिरवायचा. थोडा वेळ नक्की फरक पडतो. वास उडाला की पुन्हा चोळायचं. आधी मनगटावर लावून बघा, काहींच्या कातडीला पुरळ येतं.

गवती चहा आणि सिट्रोनेला ही भावंडं, पण एक नव्हेत. डासांवरच्या मलमांत आणि अगरबत्त्यांत तेल वापरतात ते सिट्रोनेलाचं. त्याच्या ठोंबाचा बुडखा तांबूस असतो, पात रुंद आणि लोळणारी, आणि त्याचा चहा तोंडात धरवत नाही. रोप घेताना बुडखा बघून घ्या.

‘मच्छर पळवणारं रोप’ म्हणून जिरेनियमच्या जातीची एक कुंडी महागात विकली जाते. १९९०च्या दशकात अमेरिकेत आणि कॅनडात तिची चाचणी झाली. कुंडीजवळ बसलेल्यांना आणि लांब बसलेल्यांना डास सारखेच चावले. उलट केनियात संशोधकांनी रानतुळशीच्या आणि घाणेरीच्या जिवंत कुंड्या ठेवून पाहिलं, तेव्हा मलेरियाच्या डासांचे चावे तिसऱ्या हिश्श्यानं, रानतुळशीपाशी चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी झाले. म्हणजे झाडात काहीच नाही असं नाही. पण शंभरातले साठ डास चावणारच, हे धरून चालावं.

२. तुळशीला मान द्यावा, पण सगळा भार तिच्यावर टाकू नये.

मुंबईची राणीची बाग १८६२ साली सुरू झाली. ती उभारताना मजुरांना डासांनी हैराण केलं होतं. तिथल्या हिंदू व्यवस्थापकांच्या सल्ल्यानं बागेच्या हद्दीवर सगळीकडे तुळस लावली आणि डास हटले, माळ्यांचा तापही गेला, असं जॉर्ज बर्डवुड यांनी १९०३ साली लंडनच्या ‘टाइम्स’ला कळवलं होतं. ही बाग उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ही हकीकत मला फार आवडते आणि मी ती सगळ्यांना सांगते. पण बाग करताना खड्डे बुजतात, जमीन सारखी होते, पाण्याला वाट मिळते. डास हटण्याचं श्रेय त्या कामालाही द्यायला हवं, असं माझं मत आहे. तुळशीच्या पानात युजेनॉल असतं, लवंगेत असतं तेच, आणि डासाला ते आवडत नाही. म्हणून वृंदावनाखेरीज खिडकीखाली, मोरीजवळ, गोठ्याच्या तोंडाशी तुळशी लावाव्यात. येता-जाता त्यांच्या मंजिऱ्या खुडाव्यात. त्यानं झाड फुटतं आणि हवेत वासही राहतो.

३. पहिलं काम पाण्याचं.

माझं सगळं सांगणं या एका मुद्द्यावर उभं आहे. डास बागेत बाहेरून येतो असं आपण धरून चालतो, आणि तो जन्मतो मात्र आपल्याच कुंडीखालच्या ताटलीत. डेंगीचा डास घाण गटारात नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि चावतो दिवसा. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा.

बॅरल नुसतं उपडं करून भागत नाही. उपडं केल्यावर आतल्या बाजूला, पाण्याची जिथं रेघ उमटलेली असते तिथं बोट फिरवून बघा. काळे बारीक ठिपके चिकटलेले असतील. ती अंडी. कोरडी पडली तरी ती कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. त्या रेघेवर काथ्यानं किंवा नारळाच्या शेंडीनं घसाघसा घासायचं, बॅरल उन्हात उपडं ठेवायचं, भरल्यावर जुनं सुती लुगडं तोंडाला ताणून बांधायचं. फुटकी घमेली, टायर, करवंट्या, जनावरांच्या पाण्याचं टाकं, फ्रीजच्या मागचा ट्रे, सगळं याच दिवशी.

रिकामा करता येत नाही असा हौद किंवा आड असेल तर त्यात गप्पी मासे सोडावेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी केली की मिळतात. ओढ्यात, नदीत मात्र सोडू नयेत. ते तिथल्या देशी माशांची पिल्लं खातात.

४. मोरीचं पाणी झाडांना द्या, पण साचू देऊ नका.

आपल्याकडे मोरीच्या पाण्यावर आळू, कर्दळ, केळ लावायची जुनी पद्धत आहे आणि ती चांगली आहे. पाणी मुळांनी ओढलं की डबकं होत नाही. पण काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी मुरत नाही, आणि आळवाच्या खाचरात डासांची पैदास सुरू होते. त्यावर शोषखड्डा हा खरा उपाय. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे घेतले, गटारं जवळपास नाहीशी केली आणि डासांपासून सुटका करून घेतली. पुढं तो ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यभर गेला. चार फूट लांब, रुंद, खोल खड्डा, मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. एवढ्यात एका घराचं सांडपाणी जिरतं. आपल्या काळ्या मातीत खड्डा थोडा मोठाच घ्यावा.

केळीच्या आणि आळवाच्या पानांच्या बेचक्यात पावसाचं पाणी राहतं आणि तिथंही डास अंडी घालतात. वाळलेली पानं काढत राहावीत.

५. दाट झाडी ही डासांची दुपारची झोपायची जागा.

ओल आणि सावली मिळाली की ते दिवसभर तिथं दडतात. मग झाड कितीही औषधी असो. गवती चहा, ओवा, पुदिना वरचेवर कापत राहा. चहाला, भज्यांना, चटणीला होतंच.

६. झेंडूचं काम मातीत आहे.

वांग्याच्या, टोमॅटोच्या कडेनं आपले शेतकरी झेंडू लावतात ते मुळांवरच्या सूत्रकृमींसाठी, आणि तिथं तो खरोखर उपयोगी पडतो. डासांसाठी लावाल तर निराश व्हाल. डास मारणारं औषध ज्यात असतं ते फूल वेगळं, पायरेथ्रम, शेवंतीच्या गोतातलं. जपानमध्ये एइचिरो उएयामा यांनी त्याच फुलाच्या भुकटीची आधी कांडी केली आणि १९०२ साली आपण जाळतो ती गोल वळ्याची कॉइल बाजारात आणली.

७. धुरी गोठ्यात, घरात नाही.

शेणीच्या निखाऱ्यावर निरगुडीचा आणि कडुनिंबाचा अर्धवट ओला पाला टाकला की जनावरं शांत उभी राहतात. शेपटीचे फटकारे थांबतात, हे डोळ्यांनी दिसतं. धूर आहे तोवर गुण आहे. पण पाळण्यातल्या बाळाच्या, दम्याच्या माणसाच्या खोलीत धुरी करू नये. तिथं मच्छरदाणी आणि पंखा. डास उडण्यात दुबळा असतो, पंख्याच्या वाऱ्यापुढं तो टिकत नाही.

८. कडुनिंबाचं तेल कामाचं आहे.

दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रानं १९९३ साली दाखवून दिलं की खोबरेल तेलात दोन टक्के कडुनिंबाचं तेल मिसळून अंगाला लावलं तर मलेरियाचे डास रात्रभर चावत नाहीत. शंभर मिली खोबरेलात दोन मिली, जास्त नको. रानात रात्री पाणी पाजायला जाणाऱ्यांनी हे जरूर लावावं. तान्ह्या बाळाला लावू नये, आणि हे तेल कुणाच्याही, विशेषतः मुलांच्या, पोटात जाता कामा नये. बाटली उंच फळीवर ठेवा.

९. ताप आला तर झाडाकडे नाही, दवाखान्यात जा.

पावसाळ्यात दोन दिवस ताप उतरला नाही, डोळ्यांच्या मागं ठणकलं, सांधे धरले, तर रक्त तपासून घ्या. डेंगीची शंका असताना अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या मनानं घेऊ नका, रक्तस्राव वाढतो.

यंदा मृगात झाडं जरूर लावा. तुळस लावा, रानतुळस लावा, सिट्रोनेलाचं ठोंब माझ्याकडून घेऊन जा. फक्त कुंडीखाली ताटली ठेवू नका, आणि आठवड्याचा एक वार ठरवून शेजारच्या दोन घरांनाही त्याच वारी बॅरल घासायला लावा. डास कुंपण मानत नाही, त्यामुळे एकट्या घरानं करून भागणार नाही.