घरच्या संगणकाचे दुखणे : निदानाची रीत



घरात कोणी आजारी पडले म्हणजे आपण डॉक्टरांना सविस्तर लक्षणे सांगतो. ताप केव्हा चढला, आदल्या दिवशी काय खाल्ले, पूर्वी असे कधी झाले होते काय, हे सारे न विचारता सांगतो. संगणक बिघडला म्हणजे मात्र ‘चालत नाही’ या दोन शब्दांत आपले कथन संपते आणि यंत्र दुरुस्तीच्या दुकानात जाऊन पडते. प्रस्तुत लेखक भाषेचा शिक्षक आहे, यंत्रशास्त्राशी त्याचा संबंध बेताचाच. तथापि चुकलेल्या वाक्यातील कर्ता, कर्म व क्रियापद वेगळे करून दोष नेमका कोठे आहे हे पाहण्याची जी सवय व्याकरणाने लागते, तीच येथेही पुष्कळ उपयोगी पडते. घरोघरी ऐकू येणाऱ्या दोन तक्रारी मी येथे विचारासाठी घेतो : संगणक बंद होण्यास फार वेळ लावतो ही एक, आणि चालता चालता तो एकाएकी कोसळतो ही दुसरी. बहुतेक घरांत विंडोज प्रणाली असते, म्हणून तीच गृहीत धरली आहे.

‘शट डाउन’ची कळ दाबली की दिवा मालवावा तसे सारे संपते, अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्या क्षणी यंत्राच्या पोटात मोठी आवराआवर सुरू होते. आपण लिहीत असलेला मजकूर प्रथम ‘रॅम’ नावाच्या तात्पुरत्या स्मृतीत असतो. वीज गेली की ही स्मृती कोरी होते. डिस्कवर उतरावयाचा काही मजकूरदेखील वेग साधावा म्हणून थोडा वेळ हातचा राखलेला असतो. म्हणून बंद होण्यापूर्वी विंडोज प्रत्येक चालू प्रोग्रॅमला, काम आटोपले काय, असे विचारते. जो उत्तर देत नाही त्याच्यासाठी ती सुमारे पाच सेकंद थांबते, आणि मग त्याचे नाव पडद्यावर दाखवून निर्णय आपल्यावर सोपवते. पडद्यामागे राबणाऱ्या ‘सर्व्हिस’ या वर्गातील प्रोग्रॅमांनाही अशीच मुदत मिळते. अखेर हातचे सारे डिस्कवर उतरते आणि त्यानंतरच वीज तुटते. तेव्हा विलंबाचा अर्थ पुष्कळदा एवढाच, की कोणीतरी उत्तर देत नाही. हा ‘कोणीतरी’ कोण, हे शोधणे म्हणजेच निदान.

अधीर माणूस अशा वेळी वीजकळ दाबून धरतो. चारपाच सेकंद, काही यंत्रांत त्याहून थोडा अधिक वेळ ती दाबून ठेवली की यंत्र निमूटपणे बंद होते खरे. पण हातचा मजकूर अर्धवट राहतो आणि एखादी फाइल तुटते. पडद्यावर ‘अपडेट’ चालू असल्याची सूचना असेल तर कळेला हात लावूच नये. तो विलंब रोगाचा नव्हे, औषधाचा आहे.

शोध कसा घ्यावा? पहिल्या दिवशी काहीही न बदलता घड्याळ लावून वेळ मोजावी. दुसऱ्या दिवशी सारे प्रोग्रॅम आपल्या हाताने बंद करून मग ‘शट डाउन’ करावे. वेळ घटली तर दोष त्यांपैकीच एखाद्यात आहे. तिसऱ्या दिवशी प्रिंटर, पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क काढून पाहावे. तरीही फरक न पडला तर ‘टास्क मॅनेजर’मध्ये जाऊन, संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांपैकी निम्मे थांबवावेत. गुण आला तर दोषी थांबवलेल्या निम्म्यात, न आला तर उरलेल्यात. त्या निम्म्याचे पुन्हा निम्मे करावे. सोळा प्रोग्रॅम असले आणि त्यांतील एकच वाईट असला, तरी अशा चार फेऱ्यांत तो हाती लागतो. एकेक तपासत बसलो तर पंधरा दिवस जातील. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. दहा गोष्टी एकदम बदलून यंत्र सुधारले, तर कशाने सुधारले हे कळत नाही, आणि पुढच्या खेपेस आपण होतो तेथेच असतो.

येथे एक चमत्कारिक गोष्ट सांगावयास हवी. २०१२ साली आलेल्या ‘विंडोज ८’पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असली म्हणजे ‘शट डाउन’ केल्यावर आपले प्रोग्रॅम बंद होतात, परंतु प्रणालीचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. गाभ्यात किंवा एखाद्या ड्रायव्हरमध्ये काही बिनसले असेल तर तेही रात्रभर जपले जाते! ‘रीस्टार्ट’ केले मात्र सारे नव्याने सुरू होते. आमच्या घरी बंद न होणाऱ्या संगणकाविषयी कोंकणीत ‘तो अजून न्हिदूंक ना’, म्हणजे तो अजून निजलेला नाही, असे म्हणतात. शास्त्रदृष्ट्याही हे बोलणे फारसे चुकीचे नाही. कुरकुर करणारा संगणक रोज बंद करूनही सुधारत नसेल, तर एकदा ‘रीस्टार्ट’ करून पाहावे. पुष्कळांचे काम तेथेच भागते.

प्रोग्रॅमांना दिलेली मुदत ‘रजिस्ट्री’त जाऊन कमी करावी, म्हणजे यंत्र झटकन बंद होते, असा सल्ला सर्वत्र मिळतो. मला तो पसंत नाही. उत्तरपत्रिका पुरी न झालेल्या मुलाच्या हातातून ती पाच मिनिटे आधी हिसकावून घेतली तर परीक्षा लवकर संपेल, यात शंका नाही.

आता कोसळण्याविषयी. प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा : यंत्र काही सांगून कोसळले की न सांगता? निळा पडदा येऊन त्यावर इंग्रजी शब्दांचा एक संकेत दिसला, तर विंडोजने पुढील हानी टाळण्यासाठी स्वतःच काम थांबवले असे समजावे. (२०२५ पासून ‘विंडोज ११’च्या नव्या आवृत्तीत हा पडदा काळा झाला आहे.) तो संकेत ताबडतोब लिहून घ्यावा किंवा मोबाइलवर त्याचे छायाचित्र घ्यावे; ‘मेमरी मॅनेजमेंट’ असे शब्द असले तर रॅम तपासण्यापासून आरंभ करता येतो. याउलट एक अक्षरही न दिसता यंत्र अंधारले, तर आधी वीज आणि उष्णता यांचा संशय घ्यावा.

निळ्या पडद्याचे एक मोठे कारण म्हणजे ड्रायव्हर. साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा पडतो. परंतु ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यात बसून काम करतो, म्हणून त्याची चूक साऱ्या यंत्राला खाली ओढते. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख संगणक कोसळले. आपल्या देशातही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली. त्यावरचा उपाय मात्र साधा होता : यंत्र ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे अत्यावश्यक ड्रायव्हरांपुरतेच सुरू करावे आणि ती एक फाइल काढून टाकावी. आपल्या घरीही हीच वाट आहे. ‘शिफ्ट’ कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडले की तेथे जाण्याचा मार्ग दिसतो. ‘सेफ मोड’मध्ये यंत्र तासभर सुरळीत चालले तर दोष बहुधा नव्याने बसवलेल्या एखाद्या ड्रायव्हरचा असतो. डिस्क कूटबद्ध असेल तर या वाटेवर ४८ अंकी किल्ली मागितली जाण्याचा संभव असतो. ती आधीच कागदावर उतरवून ठेवावी.

संगणक आपली रोजनिशीही ठेवतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ उघडला की कोणत्या दिवशी काय बसवले आणि कोणत्या दिवशी काय कोसळले, हे दिनदर्शिकेसारखे समोर येते. अधिक खोलात जाणाऱ्याने ‘इव्हेंट व्ह्यूअर’ पाहावा. तेथील ४१ क्रमांकाची नोंद पाहून लोक घाबरतात. तिचा अर्थ एवढाच, की यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले. ही नोंद परिणाम सांगते, कारण सांगत नाही. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’पुढे शून्य असेल तर निळा पडदा बहुधा आलाच नव्हता, वीज गेली, कोणी कळ दाबून धरली किंवा यंत्र जागच्या जागी गोठले.

आता वीज व उष्णता. आपल्या दमट किनारपट्टीवर पंख्याच्या पात्यांवर धूळ आणि ओलावा मिळून चिकट थर बसतो. हवा खेळत नाही, प्रोसेसर तापतो, प्रथम आपला वेग कमी करतो आणि अखेर जळू नये म्हणून यंत्र बंद पाडतो. खेळताना किंवा चित्रफीत पाहताना संगणक मिटत असेल आणि पत्र लिहिताना मिटत नसेल, तर पंख्याकडे पाहावे. लॅपटॉप गादीवर ठेवू नये, हे सांगूनही कोणी ऐकत नाही. पावसाळ्यात व्होल्टेज खालीवर होते, त्याला यूपीएस हाच उपाय. रॅमची परीक्षा विंडोजमधील ‘मेमरी डायग्नोस्टिक’ करते. डिस्क टकटक असा आवाज करू लागली तर मात्र दुरुस्तीचे कोणतेही साधन चालवू नये. प्रथम आपल्या फाइली दुसरीकडे उतरवाव्यात, कारण मरणासन्न डिस्कला तपासणीचा ताणही सोसत नाही.

ही शेवटची गोष्ट मी जोर देऊन सांगतो, यास कारण आहे. आमच्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या तिच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केल्या होत्या. संगणक वारंवार कोसळू लागला, तेव्हा वडिलांनी तो एका दुकानात नेला. दुकानदाराने ‘फॉरमॅट’ करून दोन दिवसांत तो परत केला, आणि यंत्र खरोखरच उत्तम चालू लागले. ओव्या मात्र गेल्या. आजीने पुन्हा गाऊन दाखवल्या, पण आठवल्या तेवढ्याच. आत काय आहे हे दुकानदाराला कोणी सांगितले नव्हते, आणि त्यानेही विचारले नव्हते.

तेव्हा यंत्र दुकानात न्यावयाचे झालेच, तर दोन गोष्टी आधी कराव्यात. फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ती उघडून पाहावी. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे. यंत्र सुरूच होत नसेल तर ‘डिस्क पुसावयाची नाही’ असे चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी यंत्रावर चिकटवावी. त्याच चिठ्ठीवर वहीतले चार तपशील उतरवावेत : यंत्र केव्हा कोसळते, पडद्यावर कोणता संकेत येतो, त्याआधी काय बसवले होते, आणि ‘सेफ मोड’मध्ये ते चालते की नाही.