कललेले झाड पाडताना

अभ्यासपाठ : उपदेशक १०:९-१०, अनुवाद १९:४-५, २२:८



आपण पाठवलेल्या दानातून वसतिगृहातील मोठ्या मुलांच्या अवजार-प्रशिक्षणासाठी पेट्रोलवर चालणारी दोन करवत-यंत्रे आली. दुकानात त्यांना चेनसॉ म्हणतात, आमच्याकडे नुसते ‘मशीन’. मुले त्यावर नेमके काय शिकतात, असे काही मंडळ्यांनी विचारले, म्हणून या अंकात त्यातला सर्वांत अवघड धडा देतो.

आम्ही आधी शास्त्र उघडतो. लाकडे फोडणाऱ्याला त्या लाकडांपासूनच धोका असतो, असे उपदेशक सांगतो, आणि लगेच पुढच्या वचनात बोथट हत्याराचा विषय काढतो. अनुवादात एक माणूस शेजाऱ्याबरोबर रानात लाकूड तोडायला जातो. कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटते आणि शेजारी मरतो. मनात वैर नव्हते, म्हणून मारणाऱ्याला आश्रयाच्या नगरात जीव वाचवता येतो. पण शेजारी परत येत नाही, हे मी मुलांना दोनदा सांगतो. तीनच अध्यायांनंतर नव्या घराच्या छताला कठडा बांधण्याची आज्ञा आहे, कोणी पडून घरावर रक्तदोष येऊ नये म्हणून. अपघातानंतरची दया आणि अपघाताआधीचा कठडा, दोन्ही देवानेच सांगितले आहेत. आमचा धडा कठड्याचा आहे.

आता झाड. आमच्या पूर्व विदर्भात नाल्याच्या काठावर ऐन पुष्कळ. पावसाळ्यात काठाची माती खचते, मुळे एका बाजूने उघडी पडतात, शेंडा उजेडाकडे झुकतो. ऐनाचे लाकूड जड. वाटेवर कललेले असे झाड वादळात केव्हा आडवे होईल याचा नेम नसतो. तरी पहिला प्रश्न हाच, की पाडायचेच का? ऐनाच्या पाल्यावर टसरचे किडे वाढतात, त्यावर कित्येक घरांची मीठ-मिरची चालते. फांद्या कमी करून धोका टळत असेल तर आम्ही तेवढेच करतो. दुसरा प्रश्न परवानगीचा. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, मोह, आंबा, ऐन ही झाडे आहेत. ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय हात लावता येत नाही. आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा कायदा वेगळा आहे. कागद हातात आल्याशिवाय मशीन सुरू होत नाही.

एका मुलाने विचारले, “सर, आमचा आजा कुऱ्हाडीने असली झाडं पाडतो. त्यात शिकायचं काय?” प्रश्न रास्त होता. कुऱ्हाड हळू चालते. प्रत्येक घावानंतर लाकूड कडकडते, आजा ते ऐकतो आणि बाजूला होतो. मशीन काही क्षणांत खोडात शिरते आणि तिच्या आवाजात तो इशारा बुडून जातो.

कललेले झाड म्हणजे ताणलेले धनुष्य. ज्या बाजूला कल, तिकडचे लाकूड दाबलेले असते. पाठीमागचे ताणलेले असते. सरळ झाड पाडताना पुढे खाच घेतात आणि मागून कापत येतात. तेच इथे केले तर काप अर्ध्यावर असतानाच शेंड्याचे वजन झाड खाली ओढते. मधले लाकूड अजून जाड असते, ते वाकत नाही, म्हणून खोड उभे चिरते. मागचा अर्धा भाग झाडाबरोबर वर उचलला जातो आणि मागे फेकला जातो. कापणारा नेमका तिथेच उभा असतो. पळायला वेळ मिळत नाही.

म्हणून आम्ही पाठीमागचा ताण शेवटपर्यंत तोडत नाही. चाळीस सेंटिमीटर जाडीचे खोड धरा. कलाच्या बाजूला खाच घ्यायची, पण उथळ, दहा सेंटिमीटरच्या आसपास. खोल गेलात तर दाबलेले लाकूड पट्टीला चिमटीत धरते. खाचेचे तोंड चांगले उघडे ठेवायचे, म्हणजे झाड पडताना बिजागरी लवकर तुटत नाही. बिजागरी म्हणजे खाचेमागे न कापता ठेवलेली लाकडाची पट्टी. ती जाडीच्या दहाव्या भागाइतकी, इथे चार सेंटिमीटर. झाडाला दिशा तीच देते.

मग बाजूने, बिजागरीच्या मागे, मशीनची पट्टी खोडात आरपार घुसवायची. सुरुवात पट्टीच्या टोकाच्या खालच्या भागाने. टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन तोंडावर उसळते, म्हणून ही घुसवणी मुले आधी जमिनीवरच्या ओंडक्यावर कितीतरी दिवस करतात. पट्टी आत गेली की मागच्या दिशेने कापत यायचे आणि पाठीमागे चार-पाच सेंटिमीटरचा बंध ठेवून थांबायचे. आतले लाकूड मोकळे झाले, तरी पुढे बिजागरी आणि मागे बंध यांच्यावर झाड स्थिर उभे असते. आता घाई नाही. मशीन बाहेर काढा, साखळीचा ब्रेक लावा, शेंड्याकडे बघा, माणसे मोजा. शेवटी खोडाच्या एका बाजूला उभे राहून, हात लांब करून, तो बंध बाहेरून, आधीच्या कापाच्या जरा खाली तोडायचा. झाड सुटते आणि आपण आधीच साफ केलेल्या वाटेने, पडण्याच्या दिशेच्या उलट पण तिरके, मागे निघतो. सरळ पाठीमागे कधीच नाही.

बोथट हत्याराचे वचन इथे उपयोगी पडते. धारदार साखळी लाकडाचे कीस काढते, बोथट साखळी पीठ पाडते. साखळी चांगली असूनही काळपट पीठ येऊ लागले, तर आत खोड कुजले आहे, बिजागरी टिकणार नाही. तिथे थांबायचे. पोकळ खोड कुऱ्हाडीच्या माथ्याने ठोकल्यावर आवाजावरूनही कळते, आणि हे आजा लोकांना आमच्यापेक्षा चांगले कळते. वर आग्या मोहोळ आहे का, वाळकी फांदी अडकली आहे का, वेलींनी शेजारचे झाड बांधले आहे का, हे त्याआधी पाहायचे. बाकी सगळे झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर.

कलाच्या उलट दिशेला झाड पाडून द्या, अशी मागणी नेहमी येते, कारण कल बहुधा घराच्या कौलांवरच असतो. त्याला मी नाही म्हणतो. असे झाड वरून, फांदीफांदीने, दोर बांधून उतरवायचे असते. ते वेगळे कसब आहे आणि आमच्याकडे ते नाही.

एक गोष्ट देणगीदारांशी स्पष्ट बोलतो. मशीनसाठी पैसे लवकर जमतात, कारण मशीनचा फोटो चांगला येतो. जाळीचा पडदा असलेले शिरस्त्राण, कानावरची झाकणे, साखळी अडवणारे पायांचे जाड आवरण, पुढे पोलाद असलेले बूट यांना कोणी विचारत नाही. माझ्या मते हेच त्या मशीनचे कठडे आहेत. सध्या दोन मशीनमागे पायांचे आवरण एकच आहे, म्हणून एका वेळी एकच मशीन चालते. दुसरे कपाटात बंद असते आणि किल्ली माझ्याकडे. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होईल. तोवर दुसरे आवरण आणि दोन जोड बूट यावेत, अशी आमची प्रार्थना आहे. आपणही प्रार्थनेत आठवण ठेवावी.