सही करण्याआधी एवढं विचारून घ्या

माझ्या शरीरात आज आहे ते ताठरतेसाठी लिंगात बसवलेलं दुसरं इम्प्लांट. पहिल्याला जंतुसंसर्ग झाला, पू झाला आणि ते सगळं काढून टाकावं लागलं. दुसरं उत्तम चाललंय, मी आणि बायको दोघंही समाधानी आहोत. त्यामुळे मी या ऑपरेशनच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. पण पहिल्या खेपेला जे मला कुणी सांगितलं नाही, ते या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला संमतीपत्रावर सही करण्याआधी कळलंच पाहिजे.

माझा मधुमेह जुना. ताठरता एका दिवसात गेली नाही, हळूहळू कमी होत गेली. अशा वेळी माणूस डॉक्टरकडे जायच्या आधी भिंतीवरच्या ‘मर्दानी ताकद’वाल्या जाहिराती वाचतो आणि लॉजवर ठरावीक वारी येणाऱ्या वैद्याच्या पुड्या घेतो. त्या पुड्यांत कधी स्टेरॉइड असतं, कधी सिल्डेनाफिल ही ताठरतेची गोळीच कुटून घातलेली असते. हृदयासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू असेल, तर त्या पुडीने रक्तदाब एकदम कोसळून जिवावर बेतू शकतं.

आणखी एक गोष्ट फार कमी पुरुषांना माहीत असते. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून त्या आधी तुंबतात. ताठरता जाणं ही कित्येकदा हृदयविकाराची काही वर्षं आधी आलेली सूचना असते. तेव्हा साखर, कोलेस्टेरॉल, टेस्टोस्टेरॉन आणि हृदयाची तपासणी आधी करा, बाकीचं मग.

इम्प्लांट हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी गोळ्या आहेत. ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी सिल्डेनाफिल भरपेट, तेलकट जेवणावर घेतलेली असते किंवा एकदोनदा घेऊन सोडून दिलेली असते. गोळ्यांनी नाही भागलं तर व्हॅक्यूमचं उपकरण आहे, लिंगात घ्यायचं इंजेक्शन आहे. इंजेक्शननंतर ताठरता चार तासांवर टिकली, तर लाज बाजूला ठेवून थेट इस्पितळ गाठायचं. हे सगळं करून हात टेकले असतील, तरच ऑपरेशनचा विषय काढावा.

माझं पहिलं ऑपरेशन ठरलं तेव्हा साखरेचा एचबीए१सी हा आकडा ९.८ होता. रिपोर्ट टेबलावर समोर पडलेला होता. ‘अँटिबायोटिक देऊ, काळजी करू नका,’ एवढ्यावर तारीख मिळाली. बायको बाहेर बाकावर बसलेली, तिला कुणी आत बोलावलं नाही. अनेक सर्जन हा आकडा ८.५च्या खाली आल्याशिवाय हे ऑपरेशन करायला तयार होत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. पहिल्या ऑपरेशनात जंतुसंसर्गाचं प्रमाण एरवी साधारण १ ते ३ टक्के असतं. साखर हाताबाहेर असली की धोका वाढतो.

सुरुवातीची सूज आणि दुखणं सगळ्यांनाच होतं. पण माझी सूज उतरता उतरता पुन्हा चढली. फुगणाऱ्या इम्प्लांटचा पंप वृषणाच्या पिशवीत असतो, त्यावरची कातडी लाल आणि तुकतुकीत झाली. पंप एरवी बोटांत धरून थोडा इकडेतिकडे सरकतो. माझा कातडीला चिकटून बसला होता. ‘होईल बरं’ असं फोनवर ऐकत राहिलो, मग ताप आला आणि टाक्यातून पू. ही चार लक्षणं नीट ध्यानात ठेवा: वाढत जाणारं दुखणं, लाली, चिकटलेला पंप, ताप. यातलं एक जरी दिसलं तरी फोनवर समाधान मानू नका, त्याच दिवशी जाऊन दाखवा. वेळेवर पकडलं तर काही वेळा आतली जागा धुऊन लगेच नवीन इम्प्लांट बसवता येतं. माझ्या बाबतीत ती वेळ निघून गेली होती. इम्प्लांट काढल्यावर आत व्रण धरतो, लिंग आखडतं आणि पुढचं ऑपरेशन अवघड होतं.

मागे फिरायची वाट नाही, ही गोष्ट कुणी हळू आवाजातसुद्धा सांगितली नव्हती. इम्प्लांटच्या नळ्या बसवताना लिंगातल्या ज्या ऊती रक्त साठवून ताठरता आणतात, त्याच कामातून जातात. पुढे इम्प्लांट काढलं तर मूळची ताठरता परत येत नाही, गोळ्यांचाही सहसा उपयोग होत नाही. लांबी वाढत नाही. उलट आधीपेक्षा थोडी कमीच वाटते. इच्छा, स्पर्शाची जाणीव आणि तृप्ती ऑपरेशनआधी जशी असते तशीच साधारण राहते. इम्प्लांट ताठरता देतं, ओढ देत नाही. नवराबायकोत अबोला असेल तर तो आधी सोडवा.

प्रकार मुख्यतः दोन. सेमी-रिजिडमध्ये वाकवता येणाऱ्या दोन कांड्या असतात. मुंबईचे डॉ. रूपिन शाह यांचं भारतीय बनावटीचं इम्प्लांट याच जातीचं, आणि आयात मालाच्या मानाने पुष्कळ स्वस्त. दुसरा फुगणारा; १९७३मध्ये ह्यूस्टनच्या डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी तो प्रथम मांडला. पंप दाबला की ओटीपोटातल्या टाकीतलं सलाईन लिंगातल्या नळ्यांत भरतं, बटण दाबलं की परत जातं. दिसायला-वागायला हा जास्त नैसर्गिक, पण खर्च काही लाखांच्या घरात. मधुमेहाने बोटं बधिर झाली असतील किंवा सांधे धरले असतील, तर पंप दाबणं जड जातं. अशांनी महाग ते चांगलं असं न मानता सेमी-रिजिडचा विचार करावा. दोन्ही प्रकारांचे नमुने डॉक्टरांकडे मागा, स्वतः हातात धरून, दाबून बघा.

दुसऱ्या वेळच्या सर्जनने पहिल्याच भेटीत बायकोला शेजारची खुर्ची दिली. ‘तुमच्या काय शंका आहेत, ताई?’ असं तिलाच आधी विचारलं. साखर आटोक्यात येईपर्यंत तारीख द्यायला साफ नकार दिला. अशी ऑपरेशनं नेहमी करता का, बिघडलं तर कोण बघणार, पुढचा खर्च किती, या प्रश्नांना त्यांनी न चिडता उत्तरं दिली. तुमचा सर्जन या प्रश्नांवर चिडत असेल, तर दुसरा शोधा.

ऑपरेशननंतर सहा आठवडे तरी संबंध नाहीत, आणि पंप चालवायला डॉक्टर समोर बसवून शिकवतील तेव्हाच हात लावायचा. इम्प्लांटचं कार्ड पाकिटात ठेवा आणि घरात एका माणसाला तरी ते कुठे आहे हे माहीत असू द्या. पुढे कधी हर्निया किंवा पोटाचं ऑपरेशन निघालं, लघवीसाठी नळी घालायची वेळ आली किंवा एमआरआय करायचा झाला, तर ते कार्ड आधी दाखवायचं.