बाप्तिस्म्याचे पाणी

तापीकाठी राहणाऱ्या आपणांस स्नानाचे माहात्म्य निराळे सांगावयास नको. पर्वकाळी नदीवर जावे, बुडी मारावी, ओल्या वस्त्रांनी सूर्यास अर्घ्य द्यावे, हे खानदेशातून सुरतेस आलेल्या आपल्या कित्येक घरांतील वडील माणसे करीत आली आहेत. ख्रिस्ती धर्मातही एक जलविधी आहे. त्यास बाप्तिस्मा म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ‘बुडविणे’ असाच आहे. मग दोहोंत भेद तो कोणता?

तापीचे स्नान पुन्हा पुन्हा करता येते. बाप्तिस्मा जन्मात एकदाच. शिवाय तो कोणासही आपल्या हाताने घेता येत नाही. दुसऱ्यापुढे मस्तक नमवावे लागते. बायबल सांगते की, खुद्द येशूनेही यार्देन नदीत योहानाच्या हातून तो घेतला. संत पौलाने रोम येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रात याचा अर्थ उलगडला आहे: पाण्याखाली जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणे व पुरले जाणे, आणि वर येणे म्हणजे नव्या जीवनात उठणे. पाणी किती, हा प्रश्न म्हणूनच बहुतेकांनी गौण मानला. बॅप्टिस्ट पंथीय जाणत्या माणसास संपूर्ण बुडवितात. रोमन कॅथलिक व अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या तान्ह्या बाळाच्या मस्तकावरही पाणी घालतात. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे नाव मात्र दोन्हीकडे उच्चारले जाते.

परंतु या विधीची खरी किंमत ग्रंथांपेक्षा माणसांच्या चरित्रांतच अधिक कळते. कवी नारायण वामन टिळक हे कोकणातील करजगावी १८६१ साली जन्मलेले चित्पावन ब्राह्मण. नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांस बायबलाचा नवा करार दिला. तो वाचून त्यांचे मन केव्हाच पालटले होते. तरीही बाप्तिस्मा घेण्यास ते कचरत राहिले. हे कचरणे मला भ्याडपणाचे वाटत नाही. मनातील श्रद्धा कोणास दिसत नाही. पाणी मात्र चारचौघांत पडते. कोणी कोणाच्या हातचे पाणी प्यावे यावर जात ठरत असे, त्या काळी बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या हातचे पाणी त्याच्या आईबापांसही वर्ज्य होई. १८५० च्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क राखला होता. पण घरातील पाट आणि पान कोणता कायदा राखणार?

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई जवळ नव्हत्या, आणि त्यांची संमतीही नव्हती. त्यांच्यावर जणू आकाश कोसळले. पुढे कित्येक वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. पुन्हा नगरास पतीजवळ आल्यावरही त्या आपले सोवळे सांभाळूनच राहत. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही, आणि केली असती तर त्या बधल्या असत्या असेही वाटत नाही! जातिभेद देवाने निर्मिलेला नाही, हे त्यांचे त्यांनाच विचारान्ती उमजले. कोणाही माणसाच्या हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय त्यांनी आधी केला. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. ही सारी हकीकत त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी ती अवश्य वाचावी. हसू आणि आसू यांचा असा मेळ क्वचितच आढळतो.

विशेष हे की, ज्या विधीसाठी टिळकांनी घरदार पणास लावले, त्याच्याविषयीचा त्यांचा विचार तेथेच थांबला नाही. ख्रिस्तावर प्रेम असूनही आप्तांच्या भयाने वा अन्य कारणाने बाप्तिस्मा न घेतलेली माणसे त्यांनी पाहिली होती. १९१७ साली त्यांनी मिशनचे काम सोडले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, अशा दोघांही ख्रिस्तशिष्यांस त्यात बंधू म्हणून स्थान होते. बाप्तिस्मा हेच मंडळीचे द्वार मानणाऱ्यांस हे रुचणे कठीणच होते. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले; दरबाराचे काम त्यांच्या हातून जेमतेम दोन वर्षे झाले.