जुनी मोहोर विकावी कशी?

सोन्याचे जुने नाणे विकायचे ठरले की आपली पावले सराफ्याकडे वळतात. अकोला असो वा अमरावती, तेथे नाणे कसोटीवर उतरते, काट्यावर चढते आणि त्या दिवसाच्या भावाने पैसे हाती पडतात. व्यवहार चोख असतो. पण तो सोन्याचा असतो, नाण्याचा नव्हे.

आमच्या अकोल्याच्या घरी आजीजवळ एक मोगल मोहोर आहे. धाकट्या बहिणीची नर्सिंगची फी भरण्यासाठी ती विकण्याचे निघाले, तेव्हा आजी म्हणाली, "सोनंच हाये ते, मोडून टाका." इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मी जो हिशेब घरी मांडला, तोच येथे देतो.

मोगल मोहोर सुमारे ११ ग्रॅमची, म्हणजे तोळ्याहून किंचित कमी. धातूची ही किंमत सर्व मोहोरांची जवळपास सारखीच. फरक पडतो तो तिच्यावरील फारसी मजकुराने. बादशहाचे नाव, हिजरी सन, राज्यारोहणापासूनचे वर्ष आणि टांकसाळ ही वाचली की नाणे विरळ की नेहमीचे, ते ठरते. म्हणून पहिले काम वाचनाचे. नागपूरचे १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय किंवा नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था येथील जाणकारांना विचारावे. तोवर नाणे चिंचेने वा पावडरने उजळू नये; माळेत ओवण्यासाठी कडीही डाखू नये. दोहोंनी किंमत उतरते.

कायदाही पाहावा. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. ते खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही आणि अशा वस्तूंच्या व्यापाऱ्यास परवाना लागतो.

उरतात दोन वाटा. संग्राहकाला थेट विकल्यास पैसे लवकर मिळतात. पण निदान दोघांचे भाव घ्यावेत. लिलावात अनेक ग्राहक येतात, किमान किंमतही ठरविता येते. मात्र दलाली वजा होते आणि महिनोन्महिने थांबावे लागते. नाणे नेहमीचे असेल तर पहिली वाट बरी, विरळ असेल तर दुसरी.

पण फीची तारीख थांबत नाही. म्हणून आम्ही आजीची साधी पाटली बँकेत तारण ठेवली. पाटलीचे सोने सगळीकडे सारखेच. मोहोरेचे तसे नाही. घाईत जे विकले जाते, ते वजनावरच जाते.

याचा मोठा दाखला आपल्या वऱ्हाडातच आहे. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील, आताच्या वाशीमच्या, तऱ्हाळा गावी १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी सोन्याची नव्हती, मिश्र धातूची होती. म. म. वा. वि. मिराशी यांनी ती वाचली आणि पुराणांच्या याद्यांत नसलेल्या राजांची नावे उजेडात आली. तो साठा मुशीत गेला असता तर चार भांडी झाली असती!

आमची मोहोर अजून वाचून व्हायची आहे. तिचे दोन्ही बाजूंचे फोटो, वजन आणि ती घरात कशी आली याची आजीने सांगितलेली हकीकत मी वहीत उतरवून ठेवली आहे. ज्यांच्या घरी असे नाणे असेल, त्यांनी विकण्याआधी एवढे तरी अवश्य करावे.